आधी खडू, मग रंग, मग सिमेंट: शहराचा एक कोपरा बदलायला घेताना

बस थांब्यावर एक लोखंडी बाक आहे आणि ते रिकामं आहे. आठ-दहा पावलांवर विजेचा खांब. त्या खांबाच्या सावलीत पाच माणसं एकामागे एक उभी आहेत; सावली जेवढी रुंद तेवढीच रांग रुंद. सावली सरकली की रांगही सरकते. दुपारच्या उन्हात तापलेल्या बाकावर बसणार कोण? बाक बसवणाऱ्याच्या कागदावर मात्र "आसनव्यवस्था: १" अशी नोंद झाली असणार आणि काम पूर्ण झालं असणार.

शहरं बदलण्याबद्दल माझ्याकडे तोवर बरीच मोठमोठी मतं होती. त्या दिवसापासून मी बाकांकडे बघायला लागलो. पुढे त्याच थांब्याजवळच्या रिकाम्या तिकोनी तुकड्यावर आम्ही काही जणांनी काम केलं. त्यात जे चुकलं आणि जे जमलं, त्याच्या आधारे हा लेख लिहितो आहे. तुम्ही चित्रकार असाल, संगणकाची कामं करणारे असाल किंवा नुसतेच त्या रस्त्याने रोज जाणारे असाल, पण "आपल्या भागात काहीतरी करू या" असं मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. या कामात सगळं क्रमावर अवलंबून असतं, आणि नवखी मंडळी हमखास उलट्या टोकाने सुरुवात करतात. चित्रकार भिंत शोधतो, प्रोग्रामर ॲप बनवायला बसतो, कार्यकर्ता थेट सभा बोलावतो. तिघांनाही उत्तर आधी सुचलेलं असतं आणि मग ते प्रश्न शोधत फिरतात.

पहिली पायरी: जागा लहान घ्या

घरापासून किंवा कामाच्या ठिकाणापासून चालत दहा मिनिटांच्या आत असेल अशी एकच जागा निवडा. लांबची जागा घेतली की दुसऱ्या महिन्यात जाणं थांबतं, हे अनुभवाने सांगतो. जागेवर आधीपासून माणसांची ये-जा असावी. ओसाड जागेचा मोह फार होतो, "इथे काय काय करता येईल!" असं वाटतं, पण जिथे कुणी येत नाही तिथे न येण्याचं काहीतरी कारण असतं, आणि ते रंग लावून जात नाही.

दुसरं, जागा कुणाच्या ताब्यात आहे ते शोधून काढा. रस्ता एका खात्याचा, पदपथ दुसऱ्याचा, गटार तिसऱ्याचं, खांब वीजवाल्यांचा आणि भिंत खासगी मालकाची, हे अगदी नेहमीचं चित्र आहे. आमच्या तिकोनी तुकड्यावर चार खात्यांचा हक्क निघाला, पण झाडलोट करायला एकही पुढे येईना. ही यादी कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

दुसरी पायरी: बघा आणि मोजा

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे ती गाळतात. मी मात्र सर्वात जास्त वेळ इथेच घालवायला सांगेन.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात चौक आणि छोट्या मोकळ्या जागांचं चित्रीकरण करून लोक तिथे नेमकं काय करतात ते तासन् तास पाहिलं. त्यांचा एक निष्कर्ष इतका साधा आहे की ऐकून हसू येतं: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. पण त्यांनी टिपलेली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. हलवता येणारी खुर्ची असेल तर माणूस बसण्याआधी ती जराशी सरकवतो. कधी ती पुन्हा जवळपास होती तिथेच येते, तरी सरकवतो. जागा थोडी आपली करून घेण्याची ती खूण असते. जमिनीत पक्कं केलेलं बाक ही मुभाच देत नाही.

मोजायची पद्धत कोपनहेगनचे वास्तुरचनाकार यान गेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली, ती कुणालाही जमते. दर तासातली दहा मिनिटं एका ठरलेल्या काल्पनिक रेषेवरून जाणारी माणसं मोजायची आणि आकड्याला सहाने गुणायचं. त्या तासाचा अंदाज मिळतो. उरलेल्या वेळात एक फेरी मारून थांबलेली माणसं नोंदवायची: कोण उभं आहे, कोण बसलं आहे, कोण टेकलं आहे, मुलं कुठे खेळतात. नकाशाच्या झेरॉक्सवर उभ्या माणसाला फुली, बसलेल्याला गोल, टेकलेल्याला तिरकी रेघ. एवढी लिपी पुरते.

एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, सकाळी सात ते रात्री नऊ. पाळ्या लावल्या तर चार-पाच माणसांत होतं. पाऊस असेल तर तशी नोंद करा आणि कोरड्या दिवशी पुन्हा मोजा. पुरुष, बाई, मूल आणि वृद्ध असे चार रकाने तरी ठेवाच, कारण निव्वळ एकूण आकडा फसवा असतो. आमच्या तिकोनात दिवसभरात गर्दी भरपूर दिसली. रकाने पाहिले तेव्हा कळलं की संध्याकाळी सातनंतर बायकांचा आकडा एकदम खाली येतो. जाऊन बघितलं तर थांब्याच्या बाजूचा दिवा झाडाच्या फांदीत लपलेला. दिवा चालू होता, म्हणून त्याची तक्रार कुणी केलीच नव्हती.

मोजताना मोबाइल खिशात ठेवा. वही हातात असली की लोक आपणहून येऊन विचारतात, "काय, रस्ता रुंद करणार का?" या प्रश्नामागची भीती समजून घ्या. मोजणी करणारा माणूस म्हणजे पाडापाडीची पूर्वसूचना, असा अनुभव पुष्कळांच्या गाठीशी असतो. खरं काय ते सांगा, बसायला सांगा, ऐका. आमचे पुढचे निम्मे साथीदार आम्हाला याच प्रश्नातून मिळाले.

तिसरी पायरी: नकाशा, आणि तो सगळ्यांचा

तंत्रज्ञानाचा पहिला खरा उपयोग इथे. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, कुणीही भर घालू शकेल असा जगाचा नकाशा आहे. केनियाची राजधानी नैरोबीतली किबेरा ही दाट वस्ती बराच काळ अधिकृत नकाशांवर जवळजवळ कोरीच होती. २००९ साली तिथल्याच तरुणांनी हातात जीपीएस घेऊन गल्ल्या, पाण्याच्या जागा, शौचालयं, शाळा आणि दवाखाने नोंदवले. २०१०च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तिथली राजधानी पोर्तो-प्रँसचे रस्ते याच नकाशावर रेखाटले आणि मदतपथकांनी ते वापरले.

तुम्हाला एवढं मोठं काही करायचं नाही. अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे. ते तुम्ही उभे असाल तिथले छोटे प्रश्न विचारतं: या पायऱ्यांना कठडा आहे का, हा रस्ता कसला आहे, इथे दिवा आहे का. उत्तर दिलं की नकाशात भर पडते. नवख्याने सुरुवात इथून करावी. पण त्याच्या जोडीला छापील नकाशाही हवाच. भिंतीएवढा मोठा छापून एखाद्या संध्याकाळी त्या जागेवरच जमिनीवर पसरा आणि चार रंगांचे पेन ठेवा. फोनच्या पडद्याभोवती दोनच माणसं मावतात. जमिनीवरच्या नकाशाभोवती वीस जण उकिडवे बसून भांडतात. "इथे पावसात तळं होतं", "नाही, ते पलीकडे", "अरे, मी रोज जातो!" अशी भांडणं झाली की समजा काम चांगलं चाललं आहे.

मुलांना घ्यायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटने २०१२ साली सुरू केलेली युक्ती बघा. माइनक्राफ्ट या खेळात खऱ्या जागेची प्रतिकृती उभी करायची आणि रहिवाशांनीच त्यात झाडं, दिवे, वाटा मांडायच्या. ज्यांना आराखडा वाचता येत नाही त्यांनाही ठोकळे रचता येतात. मात्र संगणकाशी सवय नसलेल्या मोठ्यांच्या शेजारी एखादं बारा-तेरा वर्षांचं मूल बसवा. ते शिकवतंही, आणि मोठ्यांना संकोचही वाटत नाही.

चौथी पायरी: विचारा, पण नीट

आमची पहिली प्रश्नावली चौदा प्रश्नांची होती. त्यातला एक प्रश्न होता, "या जागेबद्दल आपल्या अपेक्षा काय आहेत?" उत्तरं आली: स्वच्छता, सुरक्षितता, सुशोभीकरण. म्हणजे काहीच आलं नाही. लोकांना वाटलं परीक्षेला बसवलं आहे, आणि त्यांनी परीक्षेसारखी उत्तरं दिली.

दुसऱ्या खेपेला तीनच प्रश्न ठेवले. काल इथून गेलात तेव्हा काय केलंत? इथे थांबायचं टाळता अशी वेळ कोणती? इथली कोणती गोष्ट हलवू नये असं वाटतं? तिसऱ्या प्रश्नाने डोळे उघडले. आम्ही जो जुना दगडी कठडा तोडायच्या बेतात होतो, तोच सर्वाधिक लोकांनी राखायला सांगितला, कारण सामानाची पिशवी टेकवायला त्याची उंची नेमकी होती.

शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वात खाली लोकांना झुलवणं, मधे माहिती देणं आणि सल्ला विचारणं, वर भागीदारी आणि टोकाला प्रत्यक्ष नागरिकांच्या हाती निर्णय. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे लोकांना आधीच सांगा. "तुमचं मत ऐकू, पण शेवटचा निर्णय खात्याचा" असं असेल तर तसंच म्हणा. निर्णय झालेला असताना मत विचारणं हा सर्वात वाईट प्रकार. ती माणसं पुढच्या वेळी येत नाहीत, आणि येऊही नये.

विचारण्याच्या कामात कला फार उपयोगी पडते. न्यू ऑर्लिन्समध्ये कँडी चँग या कलाकाराने २०११ साली एका पडक्या घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला आणि मरण्यापूर्वी आपल्याला काय करायचं आहे ते पुरं करा, अशी अर्धवट ओळ साच्याने पुन्हा पुन्हा छापून ठेवली. सोबत खडू. दुसऱ्या दिवशी भिंत भरलेली होती. खर्च रंगाचा आणि खडूचा. आम्ही हीच युक्ती बाकासाठी वापरली: कठड्याला फळ्याचा रंग आणि वर ओळ, "मी इथे पाच मिनिटं थांबेन, जर..." सर्वात जास्त वेळा आलेला शब्द "सावली". त्याखालोखाल "पाणी". एकाने लिहिलं होतं, "जर बस वेळेवर येणार नसेल तर." तेही खरंच.

शिव्या लिहिल्या जातील, ही भीती सगळ्यांना असते. जातात. ओला फडका ठेवा, पुसा, पुढे चला.

मोठ्या संख्येने ऑनलाइन मतं घ्यायची असतील तर तैवानमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या व्हीतैवान या उपक्रमाकडून एक धडा घ्या. त्यात वापरलेल्या पोलिस या साधनात (खाकी वर्दीशी याचा संबंध नाही) दुसऱ्याच्या विधानाला उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नाही. सहमत, असहमत किंवा पुढे जा, एवढंच. वाटल्यास स्वतःचं नवं विधान मांडा. उत्तर देता येत नाही म्हणून कुरघोडी थांबते, आणि भांडणाऱ्या गटांनाही एकत्र पटणारी विधानं वर दिसायला लागतात. चर्चेचा ग्रुप काढून तो दोन आठवड्यांत शुभप्रभातांच्या फोटोंनी भरलेला ज्याने पाहिला असेल, त्याला याची किंमत कळेल.

पाचवी पायरी: तात्पुरतं करून बघा

२००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत रीबार या गटाने रस्त्याकडेच्या पार्किंगच्या मीटरमध्ये नाणी टाकली आणि गाडी लावण्याऐवजी त्या जागेवर हिरवळीचा तुकडा, एक बाक आणि कुंडीतलं झाड ठेवलं. मीटरची वेळ संपेपर्यंत, म्हणजे दोन तास, तिथे बाग होती. मग सगळं गुंडाळून ते निघून गेले. भाडं भरलेलं असल्याने हरकत घ्यायला जागा नव्हती. पुढे जगभरच्या शहरांत दर वर्षी असा दिवस साजरा व्हायला लागला.

न्यूयॉर्क महापालिकेने २००९ साली टाइम्स स्क्वेअरमधून जाणारा ब्रॉडवे हा रस्ता वाहनांना बंद केला, तेव्हा मागवलेलं फर्निचर वेळेत आलं नव्हतं. म्हणून अंगणात टाकतात तसल्या घडीच्या स्वस्त खुर्च्या आणून रस्त्यात मांडल्या. माणसं बसली. लोक वाद घालत राहिले ते त्या खुर्च्या कशा दिसतात यावर; रस्ता बंद झाला यावरचा वाद तेवढ्यात मागे पडला. आधी प्रयोग म्हणून झालेलं हे काम पुढे कायम करण्यात आलं आणि काँक्रीटचं काम त्यानंतर कित्येक वर्षांनी पूर्ण झालं.

उलट उदाहरणही सांगतो. बार्सिलोनाने २०१६ साली पोब्लेनोऊ भागात सुपरब्लॉकचा प्रयोग केला: इमारतींच्या नऊ चौकोनी खंडांचा (ब्लॉकचा) एक गट, बाहेरच्या कडेने वाहतूक आणि आतल्या रस्त्यांवर चालणाऱ्यांना मान. कल्पना चांगली. पण अनेक रहिवाशांना एका सकाळी उठल्यावर रस्ते बदललेले दिसले आणि विरोध पेटला. नंतर झाडं, टेबलं आणि खेळायच्या जागा आल्यावर वातावरण निवळलं आणि प्रयोग टिकला. तरी ज्या कटकटी आधी बोलून टळल्या असत्या, त्या ओढवून घ्याव्या लागल्या.

म्हणून क्रम असा: पहिल्या दिवशी खडू आणि दोरी. मग एक आठवडा चिकटपट्टी, खोकी, कुंड्या, मागून आणलेल्या खुर्च्या. मग तीन महिने रंग आणि हलवता येणारं फर्निचर. सिमेंट सर्वात शेवटी. प्रत्येक टप्प्याला एक सूचनाफलक लावा: हे काय आहे, किती तारखेपर्यंत आहे, नको असेल तर कुणाला सांगायचं. "किती तारखेपर्यंत" हे शब्द जादूसारखे चालतात. कायमची म्हटली की ज्या गोष्टीला माणूस कडाडून विरोध करील, ती तीन आठवड्यांसाठी चालवून घेतो.

आमचा खडूचा दिवस फसला. वाट कुठून जावी ते पांढऱ्या खडूने आखलं, दुपारी सर आली आणि सगळं धुऊन गेलं. आम्ही हताश होऊन भिजत उभे होतो, तर लोक पाणी साचलेला भाग टाळून तिकोनाच्या भलत्याच कडेने चालताना दिसले. आमची आखलेली वाट डबक्यातून जात होती. रंगाने आखली असती तर तीच पक्की झाली असती.

परवानगीचं काय? खडूसाठी सहसा कुणी विचारत नाही. रस्त्यावर काहीही ठेवायचं असेल तर लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत जागेवर असू द्या. आग विझवणारा बंब आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी राहते का ते टेपने मोजा. पावलांनी मोजू नका.

सहावी पायरी: आता कलाकार, आणि आता रंग

सुशोभीकरण हा शब्द मला आवडत नाही. त्यात जागा आहे तशीच राहते, फक्त तोंड रंगवलं जातं. कलेला याहून मोठं काम देता येतं.

कोलंबियाची राजधानी बोगोताचे महापौर आंतानास मोकुस हे गणित आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. १९९५ साली पदावर आल्यावर त्यांनी रस्त्यावर मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. झेब्रावर गाडी घालणाऱ्याची, लाल दिव्यात रस्ता ओलांडणाऱ्याची ते हावभावांनी टर उडवायचे. दंड नाही, आरडाओरड नाही. बघणारे हसायचे आणि चुकणारा ओशाळायचा. नागरिकांना अंगठा वर आणि अंगठा खाली अशी चित्रं असलेली साडेतीन लाख कार्डं वाटली, म्हणजे एकमेकांना न भांडता शाबासकी किंवा नापसंती दाखवता यावी. अल्बानियाची राजधानी तिरानात चित्रकार असलेले एदी रामा २००० साली महापौर झाले आणि करड्या, पोपडे आलेल्या इमारतींवर भडक रंगांचे पट्टे चढवले. तिजोरीत फारसं काही नसताना शहरात काहीतरी हलतं आहे हे दिसावं, एवढा त्यामागचा साधा हिशेब. आणि बंगळुरूचे चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांनी २०१५ साली रस्त्यातल्या एका मोठ्या, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात जिवंत वाटेल अशी मगर नेऊन ठेवली. फोटो सगळीकडे पसरला आणि खड्डा बुजला. अर्जांची फाइल जे करू शकत नाही ते कधी कधी मगर करते.

भिंतचित्र काढायचंच असेल तर फिलाडेल्फियाची पद्धत शिकून घ्या. तिथला भिंतचित्रांचा कार्यक्रम १९८४ साली भिंती खराब करणाऱ्या मुलांना हाताशी धरून सुरू झाला. तिथे चित्र थेट भिंतीवर काढण्याऐवजी पातळ, न विणलेल्या कापडाच्या तुकड्यांवर काढतात. ते त्याला पॅराशूटचं कापड म्हणतात. कलाकार मूळ चित्राचे चौकोन पाडतो, प्रत्येक भागात रंगाचा क्रमांक लिहितो, आणि ते तुकडे शाळा, वृद्धाश्रम, अगदी तुरुंगातही जातात. टेबलावर बसून कुणीही आकडे बघून रंग भरतो. मग सगळे तुकडे ॲक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवतात. ज्याला शिडीवर चढता येत नाही त्याचा हातही त्या चित्रात असतो. ऊन, पाऊस यांची वाट बघावी लागत नाही हा वरचा फायदा.

जमिनीवर रंगवणार असाल तर रंगात बारीक वाळू मिसळा, नाहीतर पावसात माणसं घसरतील. पांढरा आणि पिवळा हे रंग टाळा. वाहनचालक ते रस्त्याच्या खुणा समजतात. झेब्रा क्रॉसिंग तर रंगवूच नका. कमी दिसणाऱ्यांना आणि स्मृतिभ्रंश असलेल्यांना जमिनीवरची दाट नक्षी खड्डा किंवा पायरी वाटते. नक्षी पक्की करण्याआधी अशा एखाद्या व्यक्तीसोबत तिथून एकदा चाला. आमच्यासोबत जे गृहस्थ पांढरी काठी घेऊन चालले, त्यांनी पाच मिनिटांत तीन अडथळे दाखवले. त्यातली एक आम्हीच ठेवलेली कुंडी होती.

कलाकाराला पैसे द्या. "प्रसिद्धी मिळेल" असं म्हणू नका. चित्राचे हक्क कुणाचे, भिंत पाडली तर कळवायचं कुणी, रंग उडाल्यावर दुरुस्ती कोण करणार, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करा.

सातवी पायरी: यंत्रं, जपून

२००७ पासून ब्रिटनमध्ये फिक्समायस्ट्रीट हे संकेतस्थळ चालतं. नकाशावर बोट ठेवून खड्डा किंवा बंद दिवा कळवायचा, तक्रार योग्य खात्याकडे जाते आणि सगळ्यांना दिसते. यातलं "सगळ्यांना दिसते" हे महत्त्वाचं. तुमच्या भागात असं काही असेल तर तेच वापरा, नवं बनवू नका. आमच्यातल्या एका हुशार मुलाने तीन महिने खपून स्वतंत्र ॲप बनवलं. ते एकूण एकतीस जणांनी उतरवून घेतलं आणि त्यातले नऊ आम्हीच होतो.

बॉस्टनने फोनच्या हादऱ्यांवरून खड्डे ओळखणारं स्ट्रीट बंप हे ॲप काढलं. कल्पना झकास, पण लगेच एक शंका उभी राहिली: ज्या वस्त्यांत स्मार्टफोन आणि गाड्या कमी, तिथले खड्डे यादीत येणार कसे? यंत्राला जे दिसतं तेवढंच शहर आहे असं मानलं की दुर्लक्षित भाग आणखी दुर्लक्षित होतो. म्हणून कुठलीही डिजिटल नोंद पुढे करताना आपल्या वहीतल्या फुल्या-गोलांशी ताडून बघा.

हवेची मोजणी करायची असेल तर श्टुटगार्टमध्ये २०१५ साली नागरिकांनी सुरू केलेला धूलिकण मोजण्याचा उपक्रम पाहण्यासारखा आहे. स्वस्त संवेदक (सेन्सर), पाण्याच्या पाइपाचे दोन वाकडे तुकडे, एक छोटी चिप. हे घरी जोडून गच्चीत टांगायचं आणि आकडे उघड्या नकाशावर जातात. फक्त हे लक्षात असू द्या की अशा संवेदकांना दमट हवेतले पाण्याचे थेंबही धूळच वाटतात. धुक्याच्या सकाळचा आकडा घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका, हसं होईल.

आणि कॅमेरे? माणसं मोजायला कॅमेरा लावावा का, असं नवखे नेहमी विचारतात. माझं उत्तर नाही असंच आहे. टोरंटोच्या किनाऱ्यालगत सायडवॉक लॅब्स या गूगलच्या समूहातल्या कंपनीने २०१७ साली संवेदकांनी भरलेल्या नव्या वस्तीचा बेत जाहीर केला. गोळा होणारी माहिती कुणाची यावर अडीच वर्षं वाद झाला आणि २०२०च्या मे महिन्यात तो बेत सोडून देण्यात आला. कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचं कारण दिलं. एवढ्या साधनसंपत्तीच्या लोकांना लोकांचा विश्वास जमवणं इतकं जड गेलं, तर आपण वही-पेन्सिल बरी.

आठवी पायरी: कचेरीत जाताना

रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि तीस पानं घेऊनही जाऊ नका. एक पान: वर दोन फोटो, आधीचा आणि प्रयोगाच्या दिवसांतला, एकाच कोनातून, दिवसाच्या एकाच वेळेला काढलेले. मधे मोजणीचे आकडे. खाली एकच मागणी. पहिल्या पायरीतली खात्यांची यादी आता काढा आणि कुठल्या टेबलावर कुठला भाग जातो ते स्वतःच लिहून न्या. अभियंत्याला "शहर नव्याने कल्पायचं आहे" असं सांगितलं तर तो घड्याळाकडे बघतो. "फांदी छाटा आणि बाक सावलीत हलवा" असं म्हटलं तर तो पेन काढतो.

पैशाच्या बाबतीत पोर्तो अलेग्रे हे नाव माहीत असू द्या. ब्राझीलच्या या शहराने १९८९ साली अंदाजपत्रकाचा एक भाग कुठे खर्च करायचा ते वस्त्यांमधल्या सभांतून ठरवायला सुरुवात केली, आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. तुमच्याकडे अशी सोय असेल तर तिच्या तारखा शोधून ठेवा. बहुतेक चांगल्या सूचना केवळ तारीख उलटली म्हणून पडून राहतात.

नववी पायरी: झाडणार कोण

प्रयोगाचं उद्घाटन करायच्या आधी एक तक्ता करा: रोज झाडणं, कुंड्यांना पाणी, मोडलेली खुर्ची, पावसाळ्याआधी गटार. प्रत्येकासमोर माणसाचं नाव. "मंडळ" किंवा "सर्वजण" असं नको. तक्ता भरत नसेल तर काम लहान करा. दोनच माणसं मिळाली तर दोनच कुंड्या.

जागा चांगली झाली की आजूबाजूची भाडी वाढू शकतात, हेही आधीच बोलून घ्या. न्यूयॉर्कच्या जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ साली हाय लाइन नावाची बाग झाली, आणि भोवतालच्या जागा इतक्या महागल्या की शेजारच्या कमी उत्पन्नाच्या रहिवाशांना ती आपली वाटेना. एका तिकोनी तुकड्याने एवढं होत नाही. पण ज्यांचं पोट त्याच पदपथावर आहे त्यांना सुधारणेच्या नावाखाली हटवलं जात नाही ना, यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. तेही तक्त्यात लिहा.

सहा महिन्यांनी त्याच रेषेवर, त्याच तासांना, त्याच चार रकान्यांत पुन्हा मोजा. आम्ही मोजलं. संध्याकाळी सातनंतरचा बायकांचा आकडा वर आला होता. ते श्रेय चित्राचं नाही, छाटलेल्या फांदीचं. बाक आम्ही झाडाखाली नेलं होतं आणि "अजून पक्कं करू नका" असं खात्याला लिहून दिलं होतं. मोजायला गेलो तेव्हा ते ठेवल्या जागेपासून तीनेक फूट कठड्याच्या बाजूला सरकलेलं दिसलं. एक आजी त्यावर बसल्या होत्या आणि पिशवी कठड्यावर टेकवलेली होती. कुणी सरकवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वहीत नव्या जागी गोल काढला आणि खात्याला दुसरं पत्र लिहिलं: आता पक्कं करा, पण इथे.